मारिंबा, झायलोफोन आणि पट्टीखालचा भोपळा

इंग्रजी मुळाक्षरांच्या चित्रपुस्तकात शेवटून तिसऱ्या पानावर एक वाद्य हटकून भेटते. 'एक्स' या अक्षराने आरंभ होणारे शब्द मुलांच्या परिचयाचे नसल्यामुळे चित्रकार झायलोफोनचा आश्रय घेतो, आणि ज्या वाद्याचा नाद आपल्याकडील शंभरांतील नव्वद मुलांनी कधी ऐकलेला नसतो त्याचे नाव मात्र ती तोंडपाठ म्हणून दाखवतात. गंमत अशी की, त्या चित्रातील रंगीबेरंगी पट्ट्या, किंवा बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या खेळण्याच्या पट्ट्या, बहुधा पत्र्याच्या असतात. ग्रीक भाषेत 'झायलॉन' म्हणजे लाकूड आणि 'फोनी' म्हणजे ध्वनी. लाकडाचा ध्वनी हाच ज्याच्या नावाचा अर्थ, ते वाद्य धातूचे दाखवणे म्हणजे लोखंडाच्या कांबीला चंदन म्हणण्यासारखेच होय. धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला ग्लॉकेनस्पील असे निराळे नाव आहे. परंतु ही चूक बालबोध आहे आणि ती सोडून देता येईल. तिच्याहून मोठी चूक प्रौढांच्या पुस्तकांत आढळते. 'मारिंबा म्हणजे मोठ्या आकाराचा झायलोफोन' असे एका ओळीत सांगून ती पुस्तके मोकळी होतात. प्रस्तुत लेखाचा वाद या एका ओळीशी आहे.

वाद्यांच्या वर्गीकरणापुरते पाहिले तर दोन्ही वाद्ये एकाच घरची ठरतात, आणि ते घर बांधणारे भरतमुनी आहेत. नाट्यशास्त्रात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. १८७६ साली बंगालमधील संगीतज्ञ शौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाकडे भारतीय वाद्यांचा एक संग्रह धाडला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर माहिलों यांनी तेथील वाद्यांची सूची करताना याच चतुर्विध पद्धतीचा आधार घेतला; पुढे १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या दोन पंडितांनी तीच वाढवून जगभर रूढ केली. आपल्या देवळातील घंटा, झांज, जागट ही घनवाद्ये. कीर्तनकाराच्या हातातील चिपळ्या ह्याही घनवाद्यच, आणि त्याही लाकडाच्या. जो पदार्थ स्वतःच कंप पावून नाद देतो, ज्याला तार, चामडे किंवा वाऱ्याचा स्तंभ लागत नाही, तो घन. त्या न्यायाने सुरात लावलेल्या लाकडी पट्ट्यांवर काठीने आघात करून वाजवण्याची सर्व वाद्ये एका पोटवर्गात येतात. आपल्याकडील काष्ठतरंगही त्यांतलेच. मात्र या साऱ्या पोटवर्गाला त्या दोघा पंडितांनी नाव दिले ते 'झायलोफोन' हे, आणि तेथेच घोटाळ्याला आरंभ झाला. व्यवहारात असा अनुभव येतो की, खातेउताऱ्यावर ज्याचे नाव आधी चढते तोच मूळ मालक समजला जातो, मग त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कोणी का कसलेली असेना!

आता प्रत्यक्ष भेद पाहू. आजच्या पाश्चात्त्य वाद्यवृंदात दोन्ही वाद्ये शेजारीशेजारी उभी असतात, पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांप्रमाणे दोन्हींच्या पट्ट्यांच्या दोन ओळी असतात आणि दोन्हींच्या खाली धातूच्या नळ्या लोंबत असतात. दुरून पाहणारास फरक केवळ लांबीचा वाटतो. झायलोफोनचा विस्तार साडेतीन ते चार सप्तकांचा, मारिंब्याचा सव्वाचार ते पाच सप्तकांचा. आणि ही वाढ खर्जाच्या बाजूस असते. झायलोफोनवर कठीण गोळ्याच्या काठ्या चालतात, मारिंब्यावर लोकर किंवा सूत गुंडाळलेल्या मऊ. एवढे सांगून पुष्कळदा विषय संपवला जातो. परंतु खरा भेद पट्टीच्या पोटात आहे.

कोणतीही सरळ, सारख्या जाडीची लाकडी पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर आधार दिला आणि मध्ये टोला मारला, तर ती बोलते. कारण त्या दोन ठिकाणी पट्टी जवळजवळ हलतच नाही आणि आधारामुळे तिचा कंप मरत नाही. पण अशा पट्टीच्या मूळ स्वरावर जो पहिला उपस्वर उमटतो त्याची कंपनसंख्या मूळ स्वराच्या सुमारे पावणेतीनपट असते. हे प्रमाण कोणत्याही सुरेल स्वराचे नव्हे, म्हणून अशी पट्टी सुरात असूनही कानाला 'खट्ट' अशी लागते. कारागीर यावर उपाय करतो तो असा की, पट्टीच्या खालच्या अंगाने मध्यभागी कमानीसारखे लाकूड तासून काढतो. कमान जसजशी खोल होते तसतसे ते प्रमाण बदलते. झायलोफोनचा कारागीर ते बरोबर तिपटीवर आणून थांबतो. मारिंब्याचा कारागीर आणखी खोल तासतो आणि चौपटीवर थांबतो.

संगीत जाणणाऱ्या वाचकांस याचा अर्थ लगेच उमगेल. मूळ स्वर मध्य षड्ज धरला तर त्याची तिप्पट म्हणजे तार पंचम, चौपट म्हणजे अतितार षड्ज. झायलोफोनच्या प्रत्येक स्वरात एक पंचम दडलेला असतो. मारिंब्याच्या प्रत्येक स्वरावर त्याच स्वराचीच छाया असते. पंचमामुळे झायलोफोनच्या नादाला धार येते, तो साऱ्या वाद्यमेळातून वर निघतो आणि क्षणात विरतो. मारिंब्याच्या स्वराला दुसऱ्याची भेसळ नसल्यामुळे तो भरीव, गोल आणि काहीसा गंभीर वाटतो. खालच्या नळ्यांचे शास्त्रही याला पूरक आहे. तळाशी बंद असलेली नळी मूळ स्वराला आणि त्याच्या विषम पटींनाच साथ देते. तीन ही विषम संख्या असल्यामुळे झायलोफोनची नळी त्या पंचमाला बळ देते. चार ही सम, म्हणून मारिंब्याची नळी उपस्वराकडे पाठ फिरवते आणि केवळ मूळ स्वर वाढवते. नळीची लांबी ध्वनिलहरीच्या चतुर्थांशाइतकी लागते. पाच सप्तकांच्या मारिंब्यातील सर्वांत खालच्या स्वराला म्हणून जवळजवळ १३० सेंटिमीटर लांबीची नळी हवी, आणि ती वाद्याच्या उंचीत मावत नाही तेव्हा वाकवून घ्यावी लागते.

लाकडाविषयी दोन शब्द येथेच सांगतो. दोन्ही वाद्यांच्या उत्तम पट्ट्या होतात त्या मध्य अमेरिकेतील होंडुरास रोझवूड नावाच्या लाकडाच्या. हा वृक्ष आपल्या शिसवीचा सगोत्र आहे. दांडेलीच्या अरण्यातील शिसव आणि तो, दोघेही डालबर्जिया कुळातले. त्यांची तोड इतकी झाली की, २०१७ पासून ते अवघे कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आले. तयार वाद्यांना २०१९ साली सूट मिळाली ती वादकांनी आणि कारागिरांनी आरडाओरड केल्यावरच. असो.

युरोपातील झायलोफोन हा मुळात गरिबाचे वाद्य होता. जर्मन प्रदेशात गवताच्या पेंढ्यांवर पट्ट्या मांडून तो वाजवीत, म्हणून त्याला 'पेंढ्यांची सारंगी' असे कुचेष्टेचे नाव पडले होते. १५११ साली आर्नोल्ट श्लिक याच्या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात मिखाएल गुझिकोव्ह या ज्यू वादकाने तो खेडोपाडीच्या जत्रांतून उचलून राजधान्यांच्या रंगमंचावर नेला; १८३६ साली मेंडेल्सझोनसारखा संगीतकार त्याचे वादन ऐकून थक्क झाला. १८७४ साली सें-साँस याने आपल्या एका रचनेत सांगाड्यांच्या हाडांचा खडखडाट दाखवण्यासाठी हे वाद्य योजले. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या सर्व इतिहासात पट्टीखाली पेंढा होता. नाद वाढवणारी कोणतीही पोकळी तेथे नव्हती. हाडांचा खडखडाट हेच त्या वाद्याचे यथार्थ वर्णन होते.

पट्टीखाली पोकळी आली ती आफ्रिकेतून. तेथील कारागिरांनी प्रत्येक पट्टीखाली तिच्या स्वराशी जुळणारा सुका भोपळा टांगण्याची युक्ती शतकानुशतके आधीच साधलेली होती. ज्या इब्न बतूताने १३४२ च्या सुमारास आपल्या होन्नावरच्या सुलतानाचा पाहुणचार घेतला आणि ज्याने गोव्यावरील स्वारीतही भाग घेतला, तोच प्रवासी १३५२ साली पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या दरबारी पोहोचला आणि तेथे खाली लहान लहान भोपळे बांधलेले, काठ्यांनी वाजवण्याचे वाद्य त्याने पाहिले. पूर्व किनाऱ्याची साक्ष तर याहून आपल्या जवळची आहे. १५६० साली गोव्याहून गोन्सालो दा सिल्व्हेरा या जेझुइट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली एक मंडळी मोझांबिकला गेली. सिल्व्हेरा पुढील वर्षी मारला गेला. त्याचा सहकारी आंद्रे फर्नांडिस दोन वर्षे इन्हांबाने भागात राहून परतला आणि १५६२ साली गोव्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने तेथील लोकांच्या वाद्यांचे वर्णन केले: दोऱ्यांनी एकत्र बांधलेले लहानमोठे भोपळे, जंगली मधाचे मेण, उंच आणि खर्जाचे निरनिराळे आवाज. आग्नेय आफ्रिकेतील या वाद्याचे इतके जुने वर्णन गोव्याच्या भूमीवर कागदावर उतरावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पुढे १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जुआंव दोस सांतोस या डोमिनिकन पाद्र्याने किटेव्हे राजाच्या दरबारातील 'अंबिरा' नावाचे भोपळ्यांचे वाद्य सांगितले आहे आणि त्याची तुलना ऑर्गनशी केली आहे. काठ्यांच्या टोकांना स्नायूंचे गोळे गुंडाळलेले असत, असेही तो नमूद करतो. मऊ काठीची मारिंब्याची परंपरा अशी जुनी आहे.

'अंबिरा', 'मारिंबा', 'तिंबिला' हे सारे शब्द बांटू भाषांच्या एकाच मुळापासून निघाले. मोझांबिकमधील चोपी लोकांच्या तिंबिला वाद्याचा अभ्यास ह्यू ट्रेसी यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. तो विषय आमच्या वाचकांना विशेष रोचक वाटावा अशी दोन कारणे आहेत. एक तर हे लोक सप्तकाचे जवळजवळ सात समान भाग पाडतात. त्यामुळे त्यांचा गांधार आपल्या कोमल आणि शुद्ध गांधारांच्या बरोबर मध्ये पडतो, आणि आपल्या कानाला तो प्रथम बेसूर व काही वेळाने वेगळ्याच जातीचा सुरेल वाटतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. प्रत्येक भोपळ्याला एक लहान भोक पाडून त्यावर मेणाने एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पट्टी वाजली की पापुद्रा थरथरतो आणि स्वराला एक गुंजन येते. हे गुंजन म्हणजे आपली जवारीच नव्हे काय? मिरजेचा कारागीर पंढरपूरकडचा भोपळा निवडून तंबोरा घडवतो, घोडीवर तारेखाली धागा सरकवून तिला बोलती करतो; चोपी कारागीर भोपळ्यावर पापुद्रा ताणतो. दोघांचेही मत एकच की, नुसता स्वच्छ स्वर उघडा पडतो, त्याच्याभोवती गुंजनाचे वलय हवे. पाश्चात्त्य कारखान्यांनी मारिंबा स्वीकारताना भोपळ्याच्या जागी नळी घातली आणि गुंजन काढून टाकले. म्हणजे आज रंगमंचावर दिसणारा मारिंबा हा सुद्धा जवारी पुसलेला तंबोरा आहे.

तो तेथवर पोहोचला मध्य अमेरिकेच्या वाटेने. आफ्रिकेतून गुलामगिरीत नेलेल्या लोकांबरोबर ही विद्या ग्वाटेमालात गेली आणि तेथील मूळ रहिवासी माया लोकांनी ती उचलली. १६८० साली तेथील मुख्य चर्चच्या उद्घाटनसमारंभात मारिंबा वाजल्याची नोंद तिथल्या इतिहासकारांनी दिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे दोन ओळींचा, बारा स्वरांचा मारिंबा तयार झाला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हुर्तादो बंधूंनी तो वाजवला, आणि अमेरिकन कारखानदारांनी त्याच्या प्रतिकृती काढण्यास आरंभ केला. ग्वाटेमालाने १९७८ साली मारिंब्याला राष्ट्रीय वाद्याचा मान दिला. तेथील लोकवाद्यात डुकराच्या आतड्याचा पापुद्रा आणि त्याचे गुंजन अद्याप टिकून आहे.

आता जो प्रश्न मला येथे विद्यानगरात बसून पडतो तो असा. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हिसरेईच्या हाती होता. पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने तेथून गोव्याला जहाजे येत आणि त्यांत हस्तिदंताबरोबर माणसेही येत. त्या माणसांचे वंशज आमच्यापासून दूर नाहीत. धारवाडहून हल्याळची वाट धरावी, किंवा हुबळीहून कलघटगीवरून यल्लापूरकडे जावे, की सिद्दींच्या वाड्या लागतात. जंजिऱ्याचे सिद्दी सरदार किंवा मलिक अंबर यांचा इतिहास निराळा. ते सत्ताधारी होते. आमच्या शेजारचे सिद्दी हे मुख्यत्वे गोव्यातील धन्यांच्या तावडीतून निसटून घाट चढून आलेल्या दासांचे वंशज. २०११ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातही त्यांचे बांटू मूळ स्पष्ट झाले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. आणि घरात ते बोलतात ती कोकणी. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात जी भाषा बोलली जाते तीच. मग मारिंब्याच्या देशातून आलेल्या या लोकांच्या वाड्यांत दमाम नावाचा ढोल घुमतो, पण लाकडी पट्ट्यांचे वाद्य नाही, असे का?

'गुलामीत सारे विसरले' हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. विसरले असते तर दमामही विसरले असते. गुजरातेतील सिद्दींजवळ मलुंगा नावाचे एकतारी धनुष्यवाद्य आहे, त्यालाही भोपळा आहे, तेही टिकले. माझ्या मते उत्तर वाद्याच्या स्वरूपातच सापडते. ढोल एकट्याला वाजवता येतो, धनुष्य खांद्यावर टाकून पळता येते. तिंबिला हा मेळ आहे. त्यात वरच्या स्वरांचे चिलंझाने हवे, खर्जाचे चिखुलू हवे, विशिष्ट झाडाचे लाकूड हवे, सुरात कापणारा कारागीर हवा, आणि हा सारा संसार पोसणारा गावचा मुखिया हवा. विसाव्या शतकात चोपी माणसे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजुरीला गेली ती जथ्याने गेली, म्हणून खाणींच्या आवारातही त्यांचे मेळ उभे राहिले. गोव्याच्या बाजारात मात्र माणूस एकेक विकला गेला. ज्याला स्वतःचे मूलही आपल्याजवळ राहील याची शाश्वती नाही, त्याने दहा जणांचा मेळ कोठे मांडावा?

यावर कोणी ग्वाटेमालाचे उदाहरण पुढे करील, आणि ते रास्तच आहे. तेथेही गुलामच होते. परंतु तेथे शेजाऱ्यांनी ते वाद्य आपले मानले, आपल्या सणांत आणि देवळांत घेतले, म्हणून ते जगले. येथे शिसव होती, भोपळा होता, मेण होते, जवारीचा कान होता, घनवाद्यांचे शास्त्र तर आपलेच होते. नव्हता तो फक्त त्या वादकाला ओसरीवर बसवून घेणारा यजमान. आपल्या पूर्वजांच्या सुपारीच्या बागांत सिद्दी राबले. त्यांच्या श्रमाची नोंद झाली असेल, स्वरांची कोणी केली नाही. हे वाचून काही वाचकांस राग येईल, हे मी जाणतो. पण ज्या देवळांच्या वाद्यपरंपरेचा आपण अभिमानाने उच्चार करतो, त्या परंपरेने काय घेतले याबरोबर काय घेतले नाही हेही विचारावे लागते.

कायद्याने आपले काम सावकाश केले. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्क न्यायालयात चालेनासा झाला, १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री गुन्हा ठरवली; पोर्तुगीज मुलखात १८६९ साली गुलामगिरी नावापुरती संपली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींची नोंद अनुसूचित जमातींत झाली ती २००३ साली, आणि धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. त्या समाजातून विधिमंडळात बसणारे ते पहिले. तिकडे मोझांबिकमध्ये तिंबिला संगीताला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केले, आणि झावाला जिल्ह्यातील किस्सिको गावी तिंबिलाचा उत्सव भरतो.

यल्लापूरजवळ सातुंबैल येथे सिद्दी नासाच्या स्थानी सिद्दी मंडळी जमतात तेव्हा पुरुष दमाम वाजवतात आणि बायका त्याच्या ठेक्यावर फुगडी घालतात. ढोल समुद्रापलीकडचा आहे, खेळाचे नाव आपल्या अंगणातले आहे.